हातांस काम देणारी विद्या

"आपण काय शिकतां?" या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतां येणें हें मोठें सुख आहे. वैद्यकाच्या किंवा कायद्याच्या विद्यार्थ्यांस तें लाभतें. मला लाभत नाहीं. "व्यवसायोपचार" हा शब्द उच्चारतांच ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर एक सभ्य गोंधळ उमटतो. एका वकील गृहस्थांनीं मला विचारलें, "म्हणजे कारखान्यांतील लोकांना होणारे रोग काय?" आमच्या आत्यांस वाटलें कीं, ज्यांचा धंदा बसला त्यांना पुन्हां उभें करण्याची ही कांहीं सरकारी योजना असावी. मुंबईंत वसतिगृहांत राहून, इतकीं वर्षें खर्चून मुलगी शेवटीं रोग्यांना टोपल्या विणावयास शिकविणार, असाही एक पक्ष आमच्या घरांत आहे. आणि टोपल्यांचा या विद्येच्या बाल्याशीं खरोखरच संबंध असल्यामुळें त्या पक्षाला मला एकदम खोडून काढतां येत नाहीं.

दोष पुष्कळसा शब्दाचा आहे. मराठींत व्यवसाय म्हटला कीं दुकान, दवाखाना, पेढी असा पोटाचा उद्योगच डोळ्यांपुढें येतो. गीतेंत हा शब्द निश्चय या अर्थानें येतो, आणि संस्कृतांत प्रयत्न, उद्यम असाही त्याचा अर्थ आहे. आमच्या शास्त्राला जवळचा आहे तो हा जुना, ऐसपैस अर्थ. माणूस सकाळीं उठल्यापासून रात्रीं अंथरुणाला पाठ लागेपर्यंत जें जें करतो, ज्यांत त्याचा दिवस जातो आणि ज्यावरून घरांत त्याची ओळख ठरते, तें सारें त्याचा व्यवसाय. अंगरख्याचीं बटनें लावणें, नातवाला शाळेंत पोंचविणें, देवपूजा, हिशेबाची वही, दुपारचा पत्त्यांचा डाव, हीं सर्व त्यांत आलीं. आजारानें, अपघातानें, वार्धक्यानें अगर जन्मतःच यांपैकीं जें हातून निसटलें असेल तें शक्य तितकें परत मिळवून द्यावयाचें, आणि त्यासाठीं औषध म्हणून कामाचाच उपयोग करावयाचा, असा हा उपचार आहे. भौतिकोपचार करणारा खांदा किती अंश वर जातो हें पाहतो. त्या खांद्यानें फळीवरचा डबा खालीं घेतां येतो कीं नाहीं, आणि येत नसेल तर फळीच खालीं आणावी काय, हें आम्हीं पाहावयाचें. (दोन्ही शास्त्रांतले जाणकार या विभागणीवर माझ्याशीं भांडतील, पण घरगुती समजुतीपुरती ती चालावी.)

या विद्येचा इतिहास आम्हांला पहिल्या वर्षीं शिकवितात, आणि तो मला पुस्तकांतील इतर प्रकरणांपेक्षां अधिक आवडला. वेड्यांना सांखळदंडांत ठेवण्याच्या काळांत, १७९६ सालीं, इंग्लंडांतील यॉर्क येथें विल्यम ट्यूक या क्वेकर पंथाच्या चहाव्यापाऱ्यानें एक आश्रयगृह उघडलें. तेथें रुग्णांना बाग, शिवण, घरकाम असें कांहीं ना कांहीं करावयास मिळे, आणि त्यांना माणसासारखें वागविल्यानें तीं पुष्कळदां माणसासारखीं वागत. पुढें अमेरिकेंत जॉर्ज बार्टन नांवाचा एक वास्तुशिल्पी झाला. क्षयानें जर्जर, एका पायाचा भाग कापलेला, त्यावर डाव्या अंगावरून वारें गेलेलें, अशा स्थितींत त्यानें स्वतःच्याच देहावर प्रयोग मांडला. सुतारकाम व बागकाम करीत तो आपल्या अंगाला एकेक हालचाल पुन्हां शिकवूं लागला. त्याच्याच घरीं, न्यूयॉर्क संस्थानांतील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गांवीं, १९१७ च्या मार्चमध्यें मूठभर माणसें जमलीं आणि या विषयाची पहिली संस्था स्थापन झाली. जमलेल्यांत वैद्यक जाणणारा एकच, डन्टन नांवाचा मानसोपचारक. बाकीचीं माणसें वास्तुविद्या, समाजकार्य, हस्तकला अशा निरनिराळ्या वाटांनीं आलेलीं. त्याच वर्षीं अमेरिका महायुद्धांत उतरली आणि जखमी सैनिकांच्या रुग्णालयांतून या विद्येला इतकें काम मिळालें कीं, ती आपोआप धंदा बनली.

आपल्या देशांत ती आणली एका सूनबाईंनीं. एलिझाबेथ लुंडी या १९०० सालीं अमेरिकेंत क्वेकर कुटुंबांत जन्मल्या, विष्णु निंबकर यांच्याशीं विवाह करून कमलाबाई निंबकर झाल्या आणि इकडच्याच होऊन राहिल्या. चाळिशी उलटल्यावर, ज्या वयांत आपल्याकडे बायका स्वतःला म्हाताऱ्या म्हणवूं लागतात त्या वयांत, त्या फिलाडेल्फियास जाऊन पुन्हां विद्यार्थिनी झाल्या. १९५० सालीं मुंबईंत परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत त्यांनीं या शास्त्राचें भारतांतील पहिलें विद्यालय सुरू केलें. १९५२ सालीं या उपचारकांचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हां त्याच्या दहा संस्थापक सभासदांत भारत होता. म्हणजे विद्यालय दोनच वर्षांचें असतां आपण त्या पंक्तीला बसलों. फलटणच्या एका मराठी शाळेला, बालभवनाला, आज त्यांचें नांव आहे. ही हकीकत घरीं सांगितल्यापासून माझ्या अभ्यासक्रमाविषयीं आत्यांचा सूर बराच मवाळ झाला आहे. परदेशीं जाऊन शिकून आलेली सून हें प्रमाणपत्र आमच्याकडे अजून चालतें.

शास्त्राच्या तात्त्विक बाजूवर फार लिहीत नाहीं. अडॉल्फ मायर या मानसरोगतज्ज्ञानें १९२२ सालीं असें मांडलें होतें कीं, काम, खेळ, विश्रांति आणि झोंप यांचा ताल सांभाळला गेला तर मनाचें आरोग्य टिकतें, आणि हा ताल उपदेशानें येत नाहीं, प्रत्यक्ष करण्यानेंच येतो. हें वाचतांना मला नेहमीं सेवानिवृत्त पुरुषांची आठवण होते. पस्तीस वर्षांचा व्यवसाय एका संध्याकाळीं शाल-श्रीफळ देऊन काढून घेतला जातो, दुसऱ्या दिवसापासून गृहस्थ गॅलरींत बसून रस्त्यावरच्या वाहनांवर संतापूं लागतात, आणि याला आजार म्हणण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं. असो.

प्रत्यक्ष रुग्णांपुढें उभें राहिल्यावर मला पहिला धडा एका पळीनें दिला. आमच्या विभागांत एक वयस्क गृहस्थ येत. पक्षाघातानें त्यांचा उजवा हात दुबळा झाला होता. बोटें मिटत, पण पकड टिकत नसे. डाव्या हातानें जेवावयास ते तयार नव्हते. "ज्या हातानें जन्मभर जेवलों नाहीं त्या हातानें आतां शेवटचे घास कसे घेऊं?" असें म्हणत, आणि मुलाकडून भरवून घेत. जाड मुठीचा चमचा उजव्या हातांत देऊन पाहिला. दोन दिवसांत तो त्यांनीं बाजूला ठेवला. चमच्यानें जेवण्याची त्यांना संवयच नव्हती, मग त्यासाठीं घाम कां गाळावा? आमच्या शिक्षिका त्यांच्याशीं बराच वेळ बोलत बसल्या. बोलतां बोलतां असें निघालें कीं, आजारानंतर त्यांची संध्या राहिली होती, आणि ती रुखरुख त्यांना जेवणाहून मोठी होती. दुसऱ्या दिवशीं बाईंनीं त्यांना घरून पळी-पंचपात्र आणावयास सांगितलें. पळीच्या दांड्यावर स्पंजाची जाड नळी चढविली, आणि चमच्याला न बधलेले ते गृहस्थ पळीसाठीं रोज अर्धा तास पाणी सांडीत बसूं लागले. पकड आली. ती आल्यावर त्याच हातानें भाताचा घास उचलण्याची खटपट त्यांनीं आपण होऊन सुरू केली. या विद्येंत कौशल्य कोठें आहे तें मला त्या दिवशीं कळलें. नळी कोणीही चढवील. पण पळीपर्यंत पोंचावयास तासभर गप्पा माराव्या लागतात, आणि त्या गप्पा वरवर पाहणाराला वेळ घालविणें वाटतें.

आतां मापनाविषयीं. रुग्ण किती सुधारला हें आंकड्यांत सांगावें लागतें, म्हणून आमच्याकडे मोजपट्ट्या आहेत. बार्थेल यांच्या नांवाची, १९६५ सालीं प्रसिद्ध झालेली पट्टी सर्वत्र चालते. तींत जेवण, स्नान, कपडे, शौच, चालणें, जिना अशा दहा बाबी असून एकूण गुण शंभर. पट्टी सुटसुटीत आहे, उपयोगी आहे, आणि तिची निंदा करण्याचा माझा अधिकार नाहीं. तरी मूळ सूचना वाचतांना हंसूं आलें. आपण आपलें जेवणें म्हणजे काय, तर अन्न कापतां यावें, मीठ-मिरी घेतां यावी, पावाला लोणी लावतां यावें! एका हातानें पोळीचा तुकडा मोडणें, आमटींत भात कालवणें, ताक ओघळूं न देतां भुरकणें, यांत बोटांची जी कसरत आहे ती त्या यादींत कशी येणार? पाटावर बसणें आणि पाटावरून उठणें यालाही तेथें गुण नाहींत. आपल्या जगण्याकडे पाहून साधन घडविलें म्हणजे काय होतें हें जयपूरनें १९६८ च्या सुमारास दाखविलें आहे. परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय बुटावांचून चालेना, त्यानें उकिडवें बसतां येईना, मांडी घालतां येईना. रामचंद्र शर्मा या कारागिरानें आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनीं मिळून रबराचा असा पाय बनविला कीं, शेतकऱ्याला तो घालून अनवाणी चिखलांत उतरतां आलें. तो पाय तयार करणाऱ्यांनीं प्रथम माणूस बसतो कसा हें पाहिलें होतें.

इतकें सगळें मी मुंबईंत शिकत असतांना गेल्या आषाढांत आमच्या मोठ्या काकूंच्या डाव्या अंगावरून वारें गेलें.

आमचें घर वाईचें. एका स्वयंपाकघरांत जेवणारीं चौदा माणसें. चाळीस वर्षें कोठीच्या किल्ल्या काकूंच्या कमरेला होत्या. दुखणें आलें तें मेंदूच्या उजव्या भागांत, त्यामुळें वाचा शाबूत राहिली, महिन्याभरांत काठीच्या आधारानें चालूंही लागल्या. डावा हात तेवढा मागें राहिला. घरच्यांनीं सेवेंत कसूर केली नाहीं. वहिनींनीं, म्हणजे त्यांच्या सुनेनें, न्हाऊं घालणें, वेणी, निऱ्या, भरविणें सगळें आपल्याकडे घेतलें. किल्ल्या कोणी मागितल्या नाहींत. त्या आपोआप खुंटीवर गेल्या.

दिवाळीच्या सुट्टींत मी घरीं गेलें तेव्हां काकू स्वतःच्या हातानें जेवूं लागल्या होत्या, पण घरांत एक अबोल ताण होता. काकू वहिनींनीं केलेल्या कोशिंबिरीला, चटणीला, लोणच्याला हात लावीत नसत. पूर्वीं चटणीवांचून त्यांचा घास उतरत नसे. काकांचें म्हणणें, दुखण्यानें तोंडाची चव गेली. वहिनींचें म्हणणें त्यांनीं कोणाला सांगितलें नाहीं, पण रात्रीं ओटा पुसतां पुसतां माझ्यापाशीं बोलल्या. "आईंना माझ्या हातचें नको झालंय. आजारी पडल्या आणि कारभार माझ्याकडे आला, हेंच त्यांना सलतंय."

आपलें ताट कसें वाढलेलें असतें तें वाचकांनीं मनांत आणावें. मीठ मध्यें वर, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचें हें सारें डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. मेंदूचा उजवा भाग दुखावला म्हणजे कित्येक रुग्णांना डोळे धड असूनही डावीकडचें जग ध्यानांतच येत नाहीं. अर्धें तोंड पुसतात, अर्धे केंस विंचरतात, आणि ताटांतला डावा अर्धा भाग न जेवतां "झालें" म्हणून उठतात. त्यांना विचारलें तर कांहीं उरलें आहे असें त्यांना वाटतच नाहीं. दुसऱ्या दिवशीं मीं काकूंचें ताट अर्धा वेढा फिरवून त्यांच्यापुढें ठेवलें. (ताट असें फिरवूं नये म्हणून आत्यांनीं डोळे वटारलेच.) काकूंनीं चटणी, कोशिंबीर, लोणचें मन लावून खाल्लें, आणि आतां डावीकडे गेलेल्या भाजीला शिवल्या नाहींत. वहिनी दारांत उभ्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. आंत जाऊन आणखी कोशिंबीर घेऊन आल्या.

ताट फिरविणें हा उपाय नव्हे, ती नुसती परीक्षा. उपाय म्हणजे नजरेला डावीकडे जावयास शिकविणें. माझ्या शिक्षिकांना दूरध्वनीवरून विचारून ताटाच्या डाव्या कडेला तांबडी फीत लावली. ती फीत दिसेपर्यंत मान वळवावयाची आणि मग उजवीकडे येत येत जेवावयाचें. पोथी वाचतांनाही प्रत्येक ओळीच्या आरंभीं तशीच तांबडी रेघ. हें रोज, कंटाळा येईपर्यंत, कोणीतरी शेजारीं बसून करून घ्यावें लागतें, आणि एकत्र कुटुंबाचा येथें फार मोठा फायदा आहे. आमच्याकडे त्या कामाला दोन नातवंडें सकाळ-संध्याकाळ वांटून घेतलीं.

तोटा दुसरीकडे आहे. एडवर्ड टाउब या अमेरिकन शास्त्रज्ञानें दाखवून दिलें आहे कीं, दुखावलेला अवयव केवळ दुखण्यामुळेंच निकामी होतो असें नाहीं, तो न वापरल्यानेंही होतो. तो वापरावयाचा नाहीं हें मेंदू शिकून बसतो. ज्या घरांत एक पेला उचलावयास सहा हात पुढें येतात तेथें सातव्या, दुबळ्या हातानें शिकावें केव्हां? मीं मटारांच्या शेंगा काकूंपुढें ठेवल्या. शेंग डाव्या हातानें नुसती दाबून धरावयाची, उजव्यानें सोलावयाची, एवढीच अपेक्षा. काका उठून आले. "जन्मभर राबली ती. आतां तरी तिला बसून खाऊं दे." वहिनींचें निराळें. "मी घरांत असतांना आईंनीं मटार सोलायचे? आल्यागेल्यानें पाहिलं तर काय म्हणेल?" या दोन्ही वाक्यांत प्रेम आहे, आणि दोन्हींना पुस्तकांत उत्तर नाहीं. स्वावलंबन, स्वावलंबन म्हणून आम्ही पाश्चात्त्य ग्रंथांतून घोकतों. पण सुनेनें न्हाऊं घालणें हें आपल्या घरांत निव्वळ परावलंबन नव्हे, त्यांत दोघींचें एक नातें आहे. आपण आपलें न्हातां येणें हेंच सुधारणेचें शिखर असें मानून त्यांना त्या सुखांतून हुसकावून लावण्यांत मला शहाणपण दिसत नाहीं.

म्हणून मीं पळीवाल्या गृहस्थांचा धडा गिरवला, आणि काकूंनाच विचारलें, "काकू, दिवसांतून तुम्हांला सगळ्यांत चुकल्यासारखं कशानं होतं?"

मला वाटलें, त्या स्नान म्हणतील, निऱ्या म्हणतील, फार तर पोळ्या म्हणतील. काकू बराच वेळ खुंटीकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "आज भाजी कसली करायची, असं मला आतां कोणी विचारीत नाहीं ग."

चौदा माणसांच्या घरांत हा प्रश्न रोज सकाळीं सात वाजतां पडतो, आणि त्याला हात लागत नाहीं, नजर लागत नाहीं. चाळीस वर्षांची माहिती लागते. कोणाला वांगें वर्ज्य, कोणाचा उपास, बाजारांत काय स्वस्त, काल काय झालें. तें काम त्यांना पहिल्या दिवसापासून करतां आलें असतें. बार्थेलच्या दहा बाबींनीं माणसाला इतरांची गरज किती हें कळतें. इतरांना त्या माणसाची गरज किती, याला तींत रकाना नाहीं, आणि काकूंचें दुखणें त्या नसलेल्या रकान्यांत होतें. माझ्या शिक्षिकांना हें मीं सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या कीं, या शास्त्रांत घरांतली भूमिका, सहभाग यांचें मापन करणाऱ्या इतर पट्ट्याही आहेत, मी चौथ्या वर्षीं त्या शिकेन. शिकेनच, पण एकत्र कुटुंबासाठीं तयार केलेली त्यांत एखादी आहे काय, हें पाहावयाचें मीं ठरविलें आहे.

वहिनी आतां सकाळीं पहिला चहा घेऊन काकूंच्या खोलींत जातात आणि भाजी ठरते. किल्ल्या खुंटीवरच आहेत. त्यांचा प्रश्न दोघींपैकीं कोणी काढलेला नाहीं, आणि मीही काढला नाहीं. मटार काकांच्या नजरेआड सोलले जातात.

डाव्या हातासाठीं मीं वाती वळण्याचें काम सुचवून आलें होतें. कापूस पिंजून लांब करणें, एका हातानें टोंक धरणें, दुसऱ्यानें पीळ देणें. दोन्ही हातांचें इतकें बारीक सहकार्य आमच्या विभागांतल्या लांकडी खुंट्यांत नाहीं, आणि बायकांना त्याची लाज वाटत नाहीं, कारण तें देवाचें काम. पहिल्या आठवड्यांतल्या वाती सैल, गांठाळ झाल्या. वहिनींनीं कौतुकानें त्याच समईला लावल्या. त्या तडतडून विझल्या. काकूंनीं तें देवघराच्या दारांतून पाहिलें आणि स्पष्ट सांगितलें कीं, माझ्या समाधानासाठीं वाईट वात देवापुढें लावूं नका, चांगली झाली तरच लावा. तेव्हांपासून रोज संध्याकाळीं काकू स्वतःच वाती निवडतात. बऱ्या त्या चांदीच्या डबींत, बाकीच्या परत कापसांत. परवां वहिनींचा निरोप आला. चाळीसांपैकीं अकरा पसंत पडल्या.